टाचण्या तोंडात धरून

१२ जानेवारी

डॉक्टरीणबाई,

आशीर्वाद आधीच घेऊन ठेव, कारण पुढे सगळी तक्रारच आहे. फोन केला असता, पण फोनवर तू "हो मामा, बरं मामा" करतेस आणि तिकडे कोणाच्या तरी छातीला नळी लावून बसलेली असतेस. पत्र निदान खाली बसून वाचावं लागतं.

तक्रार बटणाबद्दल, म्हणजे माझ्या नातीबद्दल. तू तिला पाहिलंस तेव्हा ती रांगत होती, आता आठ वर्षांची आहे. बाप ट्रक घेऊन फिरतीवर, आई पहाटेपासून बेकरीत, त्यामुळे शाळा सुटली की स्वारी माझ्या दुकानात. कापड बेतायच्या टेबलाखाली तिचं राज्य. तिथून तोंडाचा पट्टा सुरू झाला की माझं शिलाईयंत्र लाजून बंद पडावं. कॉलरला कॉलर का म्हणतात, खडू संपला की कुठे जातो, मुंगीला गुडघे असतात का. मी काजं करत असतो आणि हं हं करतो.

आणि हिच्याबद्दल शाळेच्या बाई मला बोलावून सांगतात की तुमची नात वर्गात आजवर एक शब्द बोललेली नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते. मी म्हटलं, बाई, दुसऱ्या कोणाचे आजोबा समजून मला बोलावलंत का? त्यांनी मुख्याध्यापकांनाच बोलावलं. ते म्हणाले, डॉक्टरांचं लिहून आणा, नाहीतर पुढच्या वर्षी हिला वेगळ्या वर्गात बसवावं लागेल. मला विचारशील तर बाईंचेच कान तपासायला हवेत, पण शाळेत तसं बोलता येत नाही.

मग आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घसा पाहिला, कान पाहिले. नाव विचारलं, मी सांगितलं. कितवीत आहे, काय आवडतं, झोप लागते का, सगळं मी सांगितलं. ते म्हणाले, गुणी मुलगी आहे, जरा लाजाळू, मोठी झाली की बोलेल. मी म्हटलं, अहो, बोलतेच ती. पण बाहेर रांग लागली होती.

तर तू दोन ओळींचं सर्टिफिकेट लिहून पाठव, की हिचा घसा ठणठणीत आहे. घसा कोरडा पडला की मुलं कमी बोलतात असं मी एका रद्दीच्या पानावर वाचलंही होतं. पुढचा मजकूर वाचायला गेलो तर तो मीच एका बाहीच्या बेतात कापून टाकलेला.

माणूस दुकानात शिरला की त्याला कुठे सैल हवं, कुठे घट्ट, हे तो तोंड उघडायच्या आत ओळखणारा,
तुझा मामा

२० जानेवारी

प्रिय मामा,

तक्रार पोचली. सर्टिफिकेट मिळणार नाही. न पाहिलेल्या घशाबद्दल मी लिहून देणं म्हणजे तुम्ही माप न घेता कोट शिवणं. तुम्ही म्हणाल, मी शिवतो. माहीत आहे. तिथेच तर घोडं पेंड खातंय, पण ते पुढे.

आमच्या दवाखान्यात सकाळी बाकावर वीस-पंचवीस मुलं असतात. रडणारं मूल आपला नंबर आपणच लावून घेतं. ओरडणाऱ्याला आम्ही आधी आत घेतो, बाकीच्यांची सुटका व्हावी म्हणून. गप्प बसलेलं मूल मात्र आम्हाला सोयीचं वाटतं आणि हातातून सुटतं.

म्हणून मला थोडं बघून कळवा. बटण कोणाकोणाशी बोलते? दुकानात गिऱ्हाईक आलं की काय होतं? शाळेतून घरी आल्या आल्या आधी काय करते? आणि एक अगदी साधा प्रश्न. डॉक्टरांनी तिला नाव विचारलं तेव्हा सांगितलं कोणी?

मुंगीला गुडघे असतात. तिला सांगा, आत्याने सांगितलंय.

तुमची भाची

२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई,

तुला दोन ओळी मागितल्या तर तू मलाच गृहपाठ दिलास. केला. आता तपास.

आईशी बोलते, बाप घरी असला की बापाशी, माझ्याशी, शेजारणीच्या मांजराशी. शेजारणीशी नाही. गिऱ्हाईक आलं की टेबलाखाली मिठाची गुळणी धरून बसते. गिऱ्हाईक पायरी उतरलं की अर्धवट राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे. मी याला वळण समजत होतो. मोठी माणसं बोलत असताना लहानांनी मध्ये बोलू नये, एवढं तरी माझ्याकडून शिकली म्हणून मला अभिमानच होता.

शाळेतून आली की आधी मोरीकडे धावते, मग तांब्याभर पाणी पिते. शाळेत जाताना दिलेली बाटली जशीच्या तशी परत येते. थंडी आहे, तहान लागत नसेल.

आणि नाव मी सांगितलं. दुसरं कोण सांगणार? डॉक्टरांनी विचारलं, ती माझ्याकडे बघायला लागली, तिला काय म्हणायचं ते मला कळलं, मी म्हटलं. गिऱ्हाइकाचं मन ओळखून मी दुकान चालवलं, तर घरच्या पोरीचं ओळखता येणार नाही का? हातच्या कांकणाला आरसा कशाला?

मुंगीच्या गुडघ्यांमुळे तुझा भाव वधारला आहे. तिला किती गुडघे, तेही कळव म्हणते.

मामा

९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

बाटलीचं थंडीमुळे नाही. पाणी प्यायलं की बाईंना विचारून बाहेर जावं लागतं. विचारायला तोंड उघडावं लागतं. म्हणून ती दिवसभर पीतच नाही.

बोलायचं नाही असं तिने ठरवलेलं नाही, मामा. तिला तिथे बोलता येत नाही. घरी भीती नसते, जीभ मोकळी सुटते. परक्याने विचारलं की आतून गळा आवळतो. हट्ट नाही, शिष्टपणा नाही, घशाचा दोष नाही. कोणाच्या लाडाने किंवा रागाने झालेलंही नाही. हा भीतीचाच एक प्रकार आहे, बराच माहितीतला, आणि तो बरा होतो. पण तिला ओरडून नाही, लालूच दाखवून नाही, आणि नुसतं मोठं होण्याची वाट बघूनही नाही. "मोठी झाली की बोलेल" हे वाक्य आम्ही डॉक्टर मंडळी फार स्वस्तात वाटतो. मीही वाटलेलं आहे.

तुमच्या डॉक्टरांना मी वेगळं लिहिलं आहे. माणूस चांगला वाटतो, परत जा. तिच्या आईला बरोबर न्या.

आता घोड्याच्या पेंडीबद्दल. मी लहानपणी सुट्टीत तुमच्याकडे राहायची, तेव्हा भूक लागली म्हणायच्या आत ताट समोर यायचं. पाहुण्याने मला काही विचारलं की उत्तर तुम्ही द्यायचात. मला ते फार आवडायचं. पुढे कॉलेजात तोंडी परीक्षेला बसले, तर प्रश्न ऐकून मी परीक्षकांकडे नुसती बघत राहिले, की आता हे ओळखतीलच. त्यांनी शून्य दिलं. तुमच्यामुळे बटणाला हे झालेलं नाही, पण तुम्ही तिच्या आधी उत्तर दिलंत की तिची सुटका होते आणि पुढच्या वेळी बोलणं आणखी अवघड होतं. तेवढं थांबवा. कोणी तिला विचारलं तर गप्प राहा आणि वाट बघा.

तुमची भाची

१ मार्च

प्रिय मामा,

रुसलात का? मुंगीला सहा पाय, तेव्हा गुडघे सहा. हे तरी तिला पोचवा.

भाची

१४ मार्च

मुली,

रुसलो होतो. तुझं पत्र इस्त्रीच्या पाट्याखाली सारून ठेवलं होतं. म्हटलं, जिला मी बूट घालायला शिकवलं ती मला गप्प बसायला शिकवते. डॉक्टरांकडेही गेलो नाही.

मग गेल्या आठवड्यात बटण मधल्या सुट्टीत शाळेच्या जिन्यावरून पडली. तशीच उठून वर्गात जाऊन बसली आणि शाळा सुटेपर्यंत बसून राहिली. कोणाला सांगितलं नाही. दुकानात आली तेव्हा एक गिऱ्हाईक विजारीच्या कमरेवरून माझं डोकं खात होतं. ती टेबलाखाली गेली. तो गृहस्थ बोलतोय, बोलतोय, आणि मीही आवाज चढवून बोलतोय. तो पायरी उतरला तेव्हा आवाज आला, "आजोबा, हात दुखतोय."

तिला उचलून डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी तिलाच विचारलं, कुठे दुखतं सांग बघू. मी म्हटलं, मनगट. थोडं खरचटलेलं दिसत होतं ना. मनगटाचा फोटो काढला, काही निघालं नाही. डॉक्टरांनी बाकी हात दाबूनही पाहिला, पण पोरीच्या चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा उमटली नाही. पट्टी बांधून घरी आलो. सकाळी सून तिला सदरा घालायला गेली तर कोपराला हात लागताच पोर कळवळली. हाड कोपरापाशी तडकलेलं.

मी तिला विचारलं, अगं, काल मला तरी का नाही सांगितलंस? ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो.

"तुम्ही मनगट म्हणालात. तुम्हाला सगळं कळतं. मला वाटलं, मनगटच असेल."

तेव्हापासून दुकानात कोणी शिरलं की मी आधी विचारतो, काय हवंय? लोक दचकतात.

हात गळ्यात बांधलाय, बरा होईल म्हणतात. पण उद्या पोटात कळ आली, ताप चढला, शाळेत कोणी ढकललं, तर ही सांगणार कोणाला? मी किती दिवस पुरणार? काय करायचं ते सांग. करतो.

मामा

२० मार्च

प्रिय मामा,

हाड जुळेल. या वयात हाडं तुमच्या रफूपेक्षाही छान जुळतात.

काय करायचं ते तुम्हाला येतंच. कोट एकदम पक्का शिवता का? आधी कच्चे टाके, मग ट्रायल, मग उसवून पुन्हा टाके. तसंच. जिथे ती बोलते तिथे, म्हणजे तुमच्या दुकानात, एकच परकं माणूस आणायचं, तेही आधी लांब. तिने त्याच्याशी नव्हे, तुमच्याशीच बोलायचं, त्याच्या कानावर पडेल एवढं. ते जमलं की माणूस थोडं जवळ. तिच्याकडे टक लावून बघायचं नाही. हो-नाहीवर निभावेल असं विचारण्यापेक्षा "काळा दोरा की पांढरा?" असं विचारायचं आणि मग थांबायचं. तुमच्या डॉक्टरांनी कळवलंय की त्यांच्याकडे दर बुधवारी एक समुपदेशक बाई येतात, त्या शाळेशीही बोलतील. दोघांनी मिळून ठरवलेलं ऐका.

आणि ती बोललीच तर काहीही घडलं नाही असं दाखवा. हा भाग तुम्हाला सगळ्यात जड जाईल.

भाची

१८ एप्रिल

डॉक्टरीणबाई,

जड गेला. आता रागावायच्या आधी सगळं ऐक.

बुधवारच्या बाई भल्या आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी बटणाला एक शब्द विचारला नाही, दोघी मिळून चित्र रंगवत बसल्या. शाळेच्या बाईंना त्यांनी असं काही समजावलं की त्या शाळा सुटल्यावर माझ्या दुकानात यायला लागल्या, कोट ढिला करून घ्यायच्या निमित्ताने. त्यांच्या कानांबद्दल मी जे लिहिलं होतं ते कोणाला वाचून दाखवू नकोस.

बटण ट्रायलच्या खोलीत, पडदा ओढून. बाई दाराजवळच्या स्टुलावर, पाठ फिरवून. मी टेप धरून माप विचारायचं, बटणाने आतून वहीतला आकडा मोठ्याने वाचायचा, कारण मला ऐकू कमी येतं असं ठरलेलं. आधी नुसती कुजबुज. मग एक दिवस पडद्याआडून स्पष्ट आलं, "बाही बावीस."

मी काय करावं? टेप टाकून टाळ्या पिटल्या. समोरच्या चहावाल्याला हाक मारली, शेजारणीला बोलावलं, सुनेला बेकरीत फोन लावला. पाच-सहा माणसं दुकानात गोळा झाली आणि पडद्यामागे जो शुकशुकाट झाला तो पुढे दोन आठवडे. बुधवारच्या बाईंनी मला बाहेर बोलावून विचारलं, "आजोबा, ट्रायल चालू असताना गिऱ्हाइकाला रस्त्यावर उभं करता का हो?"

जीभ माझ्या ताब्यात राहत नाही हे आता सगळ्यांना पटलंय. म्हणून उपाय काढला. शिंपी काम करताना टाचण्या ओठांत धरतो, आणि टाचण्या धरल्या की बोलता येत नाही. कोणी बटणाशी बोलायला लागलं की मी ओठांत टाचण्या खोचतो. राग आला तरी टाचण्या, आनंद झाला तरी टाचण्या. परवा तर जेवायला बसलो तेव्हाही ओठांत एक निघाली.

उपाय लागू पडतोय. पडदा वीतभर उघडा राहायला लागला आहे. काल बाईंनी पडद्याकडे न बघता विचारलं, काळा दोरा की करडा? मी टाचण्या गच्च धरल्या. बऱ्याच वेळाने आतून आलं, "करडा." मी खाली वाकून खडू शोधत राहिलो. खडू माझ्या कानावरच होता.

सोबत बटणाची चिठ्ठी आहे. मी वाचलेली नाही. वाचायची सवय सोडतोय.

मामा

(सोबतची चिठ्ठी)

आत्या,

आजोबा टाचण्या धरतात तेव्हा त्यांची मिशी साळिंदरासारखी दिसते. मला हसू येतं आणि मग भीती थोडी कमी होते. पण हे त्यांना सांगू नकोस, नाहीतर ते मुद्दाम करतील.

तू बुधवारच्या बाईंना पत्रात विचारलंस ना की शाळेत काय होतं. मी सांगते. शब्द वर येतो आणि मग दोऱ्याला गाठ पडते तसं होतं. ओढलं की आणखी घट्ट होते. कोणी ओढलं नाही तर कधी कधी आपोआप सुटते.

मी बाईंना "करडा" म्हटलं. गाठ होती पण बारीक होती.

कोळ्याला किती गुडघे?

बटण

२६ एप्रिल

प्रिय मामा,

चिठ्ठीत काय आहे ते मी सांगणार नाही, पण त्यातलं एक वाक्य मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. आता बाकावरचं गप्प मूल आत आलं की आधी ते वाचते.

परवा एक बाप मुलाच्या आधी उत्तरं देत होता. मला तुमची इतकी आठवण आली की मी त्याला बाहेर वजनकाट्यापाशी पाठवून दिलं. काटा बिघडलेला आहे, वेळ लागतो.

पुढची तपासणी कधी? दवाखान्यात टाचण्या घेऊन जाऊ नका, तुम्हालाच टाके घालावे लागतील.

बटणाला सांगा, कोळ्याचं मोजायला बसले तर हिशेब चुकतो. तिनेच एखादा पकडून कळवावं.

भाची

१९ जून

डॉक्टरीणबाई,

हे पत्र अंथरुणातून लिहितोय, म्हणून ओळी वाकड्या आहेत. का ते कळेलच.

काल बटणाच्या हाताची शेवटची तपासणी होती. शाळेत ती आता बाईंशी बोलते, हळू आवाजात, आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीशी जरा जास्तच. बाटली रिकामी येते. वेगळ्या वर्गाचा विषय मुख्याध्यापकांनी काढलेला नाही. पण डॉक्टरांपुढे ती अजून एकदाही बोलली नव्हती. मान हलवायची, बोट दाखवायची. माझा जीव तिथेच अडकला होता. जिथे दुखणं सांगायचं तिथेच ही मुकी.

तू बजावल्याप्रमाणे टाचण्या घरी ठेवल्या. सून बेकरीतून सुटली नव्हती, मी एकटाच. आत गेलो, बटण गोल फिरणाऱ्या स्टुलावर बसली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, तुमचा चेहरा लाल दिसतोय, आ करा. आणि माझ्या तोंडात थर्मामीटर सारलं. मी ओळखलं. तुझंच शिकवणं असणार, किंवा बुधवारच्या बाईंचं. मिशीखाली हसलो आणि बसलो.

मग ते पेनाची कांडी बदलायला लागले आणि खाली बघतच म्हणाले, कोपर आता कुठे दुखतं, पुढे की मागे?

बटणाने माझ्याकडे पाहिलं. मी थर्मामीटर चावतो की काय असं झालं. उत्तर मला ठाऊक होतं, निदान मला तसं वाटत होतं, आणि तेच गिळत होतो. बाहेर बाकावर कोणाचं तरी बाळ शिंकलं. डॉक्टरांची कांडी काही पेनात जाईना. इतका वेळ कोणी कांडी बदलतं का, पण तो भला माणूस बदलत राहिला. बटण स्टुलावर अर्धी गिरकी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

आणि भिंतीला म्हणाली, "आजोबांना ताप नाहीये."

डॉक्टर म्हणाले, "असं?"

"त्यांना बोलायचंय. म्हणून लाल झालेत." आणि मग, "पुढे नाही दुखत, मागेही नाही. आतल्या बाजूला दुखतं. दप्तर उचललं की."

मी "मागे" म्हणणार होतो.

डॉक्टरांनी मान डोलावली, हात हलकेच फिरवून पाहिला, दप्तर दुसऱ्या खांद्यावर घे म्हणाले, आणि पावसापाण्याच्या गप्पा माराव्यात तितक्या सहज कागदावर लिहीत राहिले. मी टाळ्या पिटल्या नाहीत. डोळ्यांचं मात्र विचारू नकोस.

शेवटी त्यांनी माझ्या तोंडातलं थर्मामीटर काढलं, उजेडात धरलं, आणि भुवया वर केल्या. मला खरोखरच चांगला सणसणून ताप निघाला. लाल चेहरा, अंगदुखी, सगळं सकाळपासून होतं. मीच टाचण्यांच्या नादात लक्ष दिलं नव्हतं.

म्हणजे बघ, माझी नात माझ्यावतीने ठासून बोलली आणि साफ चुकली. वाण नाही पण गुण लागला. डॉक्टर माझ्याकडे बघून काही बोलणार होते. मी ओठांवर बोट ठेवलं.

आता ती खाली दुकानात आहे. मघाशी तो विजारीच्या कमरेचा गृहस्थ आला होता. मी उठून खाली जायला निघालो, अर्ध्या जिन्यात थांबलो. खालून तिचा आवाज येत होता, बारीक, पण शब्द सुटे.

"आजोबांना ताप नाहीये," ती त्याला सांगत होती, "पण ते झोपलेत. सोमवारी या."

मी परत वर येऊन झोपलो.

मामा